दिवसाढवळ्या सांगितलेल्या गोष्टी

ज्यांच्या डोळ्यांवर आज पट्टी आहे त्यांना हे वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्या खाटेशी जे कुणी बसलं असेल, त्यानं हे मोठ्यानं वाचून दाखवावं. वाचताना उगीच गळा काढू नये. रडू आलं की पट्टी भिजते आणि बोलणी वाचणाऱ्याला खावी लागतात. हसू आलं तर चालेल. निदान आमच्या डॉक्टरीणबाईंना ते चाललं.

मी मोर्शीकडच्या एका गावात मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. घरी संत्र्याची बाग आहे. आमचे हे बागेत आणि मी शाळेत, अशी आमची वाटणी. डोळ्यानं अधू होणार की काय, अशी वेळ माझ्यावर आली होती. ती टळली. कशी टळली ते डॉक्टरीणबाईंना माहीत, पण ते दिवस कसे गेले ते मला माहीत आहे आणि तेवढंच इथं सांगते.

पऱ्हाटी

कपाशी निघाली की तिची वाळलेली झाडं आमच्याकडे वर्षभर चुलीत जातात. त्यांना पऱ्हाटी म्हणतात. शाळेत जायच्या घाईत मी गुडघ्यावर पऱ्हाटी मोडत होते. एक ढलपी उडाली ती थेट उजव्या डोळ्यात.

मग जे घरोघरी होतं तेच झालं. कुणी गाईचं तूप सांगितलं, कुणी मधाचं बोट. मी दोन्ही केलं, वर पदराचं टोक डोळ्यावर धरून शाळाही केली. शेवटी उजेड असा बोचायला लागला की मी फळ्याकडे तोंड करूनच मुलींशी बोलायची. त्यात डाव्या डोळ्यालाही पाणी सुटलं. तेव्हा मात्र ह्यांनी मला संत्र्यांच्या लॉरीत बसवलं आणि अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी उशीर केल्याबद्दल आम्हा दोघांनाही झापलं. मग शांतपणे सांगितलं की उजव्या डोळ्यात जखम चिघळली आहे. दोन्ही डोळे बांधून उताणं पडून राहायचं. जखम भरली तर उत्तम. नाही भरली तर तो डोळा काढावा लागेल, नाहीतर डावाही त्याच्यासोबत जाईल.

 ह्यांना ते चटकन समजलं. बागवान माणूस. म्हणाले, "पेटीत एक सडलं तं बाजूचंबी जाते."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी तसंच. मला त्या दोघांचाही राग आला. माझा डोळा, आणि बोलणं संत्र्यांचं! मग पट्टी बांधली गेली आणि राग कुणाकडे पाहून करावा तेही कळेना.

गावानं काढलेलं तात्पर्य

शाळेत गोष्ट सांगून झाली की मी मुलींना विचारायची, "तात्पर्य काय?" सगळ्या एका सुरात उत्तर द्यायच्या. खोटं बोलू नये. आळस करू नये. मोठ्यांचं ऐकावं. माझा त्या सुरावर फार जीव होता. पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं तरी तात्पर्य काढल्याशिवाय मी घंटा वाजवू दिली नाही.

आता गावानं माझ्या डोळ्याची गोष्ट केली आणि तिचं तात्पर्यही काढलं. पाटलाच्या आई गुंफामाय ह्या आमच्या गावच्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. त्या विहिरीवर म्हणाल्या, "बाईमानसानं लय वाचलं का असंच होते. डोयातलं पानी पुस्तक पेऊन टाकते." पऱ्हाटीचं नावच कुणी घेईना. पऱ्हाटी तर सगळ्याच बायका मोडतात. त्या गोष्टीतून काढणार काय?

हे मला बाजाराच्या दिवशी ह्यांनी सांगितलं. पाटलांनी आपली मुलगी, म्हणजे गुंफामायची नात, घरी बसवली, तिच्या मागे दुसऱ्यांनीही आपल्या मुली काढल्या, असं सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. मग म्हणाले, "बरी झाली का शाया सोडून दे. लोकाईचं तोंड कोन धरते?"

 डोळा गेला तर माझा एकटीचा जाणार नव्हता. ते तात्पर्य गावात कायमचं पक्कं होणार होतं आणि माझ्यानंतर कुठली मास्तरीण आली तरी तिला मुली मिळणार नव्हत्या. मला तेव्हा मनापासून भीती वाटली. आंधळेपणाची होतीच, पण ही तिच्याहून मोठी. आणि रडायला तर बंदी. रडायला बंदी असलेला दवाखाना मी पहिल्यांदाच पाहिला, म्हणजे पाहिला नव्हताच.

चंद्री

पट्टीतले दिवस आवाजावर आणि वासावर चालतात. फिनेलचा वास आला की सकाळ. भांड्यांचा खणखणाट झाला की जेवण. नर्सबाईंच्या बुटांचा आवाज जवळ येऊन थांबला की डोळ्यात थेंब. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या उशा लावलेल्या. मान वळवायची नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर नाक दाबायचं. थेंबांनंतर गुंगी यायची आणि जाग आली की दिवस आहे की रात्र ते काही केल्या कळायचं नाही.

शेजारच्या खाटेवर चंद्री होती. अकोटची, सात-आठ वर्षांची. कापसाच्या गाड्यावरून पडून पाय मोडलेला, तो वजनं बांधून वर टांगलेला होता. तिची आई बाळंतीण, म्हणून तिला न्यायला मामा येणार होता. मला मान वळवता येत नव्हती, तिला पाय हलवता येत नव्हता. तिनं पाहायचं आणि मी विचारायचं, असा आमचा कारभार सुरू झाला. समोरच्या खाटेवर अकोल्याच्या एक वकीलीणबाई होत्या. चंद्रीच्या सांगण्याप्रमाणे त्या सोन्याच्या बांगड्या घालूनच झोपायच्या.

एकदा गुंगीतून जाग आली. वॉर्ड शांत होता. मला वाटलं दिवे लागले. चंद्रीचा जीव रमावा म्हणून मी सुरू केलं, "एक होती खार..."

"बाई, चूप बसा," चंद्री घाबरून म्हणाली. "दुपार हाय. दिवसा गोठ सांगतली तं मामा वाट चुकते."

हे मी लहानपणी ऐकलेलं होतं. आमच्याकडे सगळ्याच लेकरांनी ऐकलेलं असतं. दिवसा गोष्टी ऐकत बसलं तर कामं कोण करणार, म्हणून कुण्या शहाण्या बाईनं मामाला मधे घातलं असावं. पण चंद्रीचा मामा खरोखरच वाटेवर येणार होता. ती हा धोका पत्करायला तयार नव्हती. बरं, रात्री सांगावी तर जेवणं आटोपताच दिवे मालवले जायचे आणि तोंड उघडलं की नर्सबाई यायच्या.

तोडगा चंद्रीनंच काढला. ती म्हणाली, "तुमाले तं रातच हाय ना बाई?"

"हो. मला रात्रच."

"मंग मीबी रात करतो."

तिनं तोंड पुसायचा पंचा डोळ्यांवर बांधून घेतला. पलीकडच्या लेकरांनीही, कुणी आईचा पदर, कुणी उशीचा अभ्रा, असं काहीबाही बांधलं. सगळ्यांना रात्र झाल्याची खात्री करून घेतल्यावर मला परवानगी मिळाली. मधेच नर्सबाई आल्या आणि दारातच थबकल्या. मघाशी धडधाकट सोडलेली लेकरं ओळीनं डोळे बांधून बसली होती. डोळ्यांची साथ आली की काय असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

खारीची गोधडी

गोष्ट माझीच, तिथं पडल्या पडल्या जुळवलेली. एका खारीला थंडी फार वाजायची. बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक गाड्यातून ती एक-एक बोंड कापूस उचलायची. त्याची तिनं गोधडी केली. पण ती इतकी मोठी झाली की झाडाच्या ढोलीत शिरेना. खारीनं खूप ओढलं, खूप ढकललं. शेवटी बाहेरच अंथरली. मग ससा आला, मोर आला, एक म्हातारं अस्वल आलं आणि सगळे एकाच गोधडीत झोपले.

मी सवयीनं विचारलं, "तात्पर्य काय?"

"थे काय असते?" चंद्रीनं विचारलं.

"गोष्ट संपल्यावर जे उरतं ते."

"गोठ तं म्या सगयी आयकली," ती म्हणाली. "उरलं कुठी काई?"

 उत्तर द्यायला मोठी माणसं धावली. वकीलीणबाई म्हणाल्या, लोभ करू नये. नर्सबाई म्हणाल्या, आधी माप घ्यावं, मग शिवावं. एका सासूनं आपल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की घरातलं बाहेर मांडू नये. चंद्रीला यातल्या कशातच गोडी नव्हती. तिला एवढंच हवं होतं की अस्वल घोरत होतं का, आणि घोरलं तर सशाला झोप कशी लागली. मग मी घोरून दाखवलं. त्यानंतर रोज दुपारी तीच गोष्ट व्हायची आणि रोज अस्वल जास्त जोरात घोरायचं.

ह्यांनी गावची बातमी आणली त्या दिवशीही गोष्टीची वेळ झाली. मी नाही म्हटलं असतं, पण चंद्रीनं ह्यांनाच हुकूम केला, "ओ बुवा, तुमीबी डोये बांधा. नाई तं भायेर जा." आणि बागेत गड्यांवर ओरडणाऱ्या ह्या माणसानं निमूट खांद्यावरचा दुपट्टा काढून डोळ्यांना बांधला. कसा दिसत होता ते चंद्रीनं मला इतकं सविस्तर सांगितलं की पाहायची गरज उरली नाही.

गोष्ट संपली. मग ह्यांचा गंभीर आवाज आला, "भायेर अंथरली गोधडी? मंग सकायी दवानं वली झाली असंन."

मला असं हसू फुटलं की वाळूच्या उशा हलल्या. नर्सबाई धावत आल्या. सकाळपासून छातीवर जो दगड होता तो हलका झाला. ह्यांनी माझा हात धरला आणि जाईपर्यंत सोडला नाही. पण शाळा सोड हे बोलणंही त्यांनी मागे घेतलं नाही.

मामा

चंद्रीचा पाय वजनांतून सुटला. मामा येणार तो दिवस उजाडला. तिनं सकाळी वेणी घालून घेतली आणि दाराकडे तोंड करून बसली. दुपार झाली, दिवेलागण झाली, मामा नाही.

वकीलीणबाईंना राहवेना. "म्हणून मोठ्यांचं ऐकावं," त्या म्हणाल्या. "डोळे बांधून का दिवसाची रात्र होते? पोरीच्या मामाला चकवा लागला की नाही?"   चंद्री रडत असती तर मला ऐकू आलं असतं. तिच्या खाटेकडून काहीच आवाज येत नव्हता, आणि मी हात लांब केला तरी तिच्यापर्यंत पोचत नव्हता. एखाद्या गोष्टीनं माणूस वाट चुकत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी मनातल्या मनात त्या मामाला, अमरावतीसाठी गाडी बदलतात त्या बडनेऱ्याच्या फलाटावर शोधत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी दारात एक मोठा आवाज झाला. मामाच. अकोल्याहून गाडीत बसला, बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी धरायची होती. ती धरली नाही.

"डब्यात एक बुढा भेटला," तो सांगू लागला. "त्याले आपल्या पांढऱ्या बैलाची गोठ सांगून राहिलो होतो. गोठ संपली आन भायेर पायतो तं बडनेरा कवाचंच मांगं, समोर धामनगाव."

वॉर्डात एकच हशा उठला. सगळ्यात वरचा आवाज वकीलीणबाईंचा. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. मामा दिवसाची गोष्ट सांगूनच वाट चुकला होता, फक्त गोष्ट त्याची स्वतःची होती.

चंद्रीनं शांतपणे विचारलं, "मामा, गोठ चांगली होती का?"

"लय चांगली."

"मंग मले सांग. आता काय, तू तं अथीच हाय."

आणि भर दुपारी, डोळे उघडे ठेवून, तिनं बैलाची गोष्ट ऐकली. आम्हीही ऐकली. पांढरा बैल स्वतःच शेताची वाट विसरायचा, असं त्यात होतं.

पट्टी सुटली

माझी पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती. बाईचे डोळे पाहिल्याशिवाय चंद्री घरी जायला तयार होईना, म्हणून मामा धर्मशाळेत राहिला. हेही आलेले होते. ते दुपट्ट्याचं टोक पिळत असल्याचं मला ऐकू येत होतं.

आधी डावा डोळा मोकळा केला. खिडक्यांवर पडदे होते तरी मला सगळं सोन्यासारखं दिसलं. मग उजवा. डॉक्टरीणबाई वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. माझ्या आयुष्यात मला कुणाच्या श्वासाकडे इतकं लक्ष द्यावं लागलं नव्हतं.

"राहू दे हा," त्या म्हणाल्या. "जखम भरली."

उजव्यावर पांढरा डाग राहणार होता. त्यानं धुकट दिसेल, बारीक काम डाव्यानं करावं लागेल, वाचायला हरकत नाही. हे सगळं त्या सांगत होत्या आणि मी चंद्रीकडे पाहत होते. सावळी, बारकी, पुढचे दोन दात पडलेले. तीही माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"बाई, तुमी बुढ्या नाई ना," ती म्हणाली. आवाजावरून तिनं मला म्हातारी धरलं होतं. तेव्हा मी पहिल्यांदा रडले, आणि डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. दुपट्टा पुन्हा डोळ्यांना लावला होता, पण तो आता गोष्टीसाठी नव्हता.

शाळा

गावात आले तेव्हा शाळेत मोजून चार मुली. पहिल्या दिवशी दाराशी बायकांची गर्दी झाली. बाईला दिसतं की नाही ते पाहायला सगळ्या आल्या होत्या. हेही बागेतून आले आणि बायकांच्या मागे उभे राहिले. उजव्या डोळ्यातला डाग पाहून बायका आपसात कुजबुजल्या. मला कळलं की तात्पर्य अजून हललेलं नाही.

गर्दी बाजूला सारून गुंफामाय आल्या. सोबत शाळेतून काढलेली नात होती. त्यांनी कमरेची पिशवी सोडून सुई काढली, दोरा काढला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

"ओव," त्या म्हणाल्या. "समद्याईच्या समोर ओव."

मी डाग पडलेला डोळा मिटला. दोऱ्याचं टोक ओलं केलं.  पहिल्यांदा दोरा बाजूनं गेला. दुसऱ्यांदा आरपार. मी सुई परत दिली. 

गुंफामायनं सुई हातात घेतली, लांब धरून पाहिली, जवळ आणून पाहिली. मग दोरा चाचपून खात्री केली. "मले तं दोन वर्सापासून सुईचं भोकच दिसत नाई," त्या आपल्याशीच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या. "सुना ओवून देतेत."

त्यांच्या पदराला धरून उभी असलेली नात वर पाहत होती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तिनं विचारलं, "मंग बुढीमाय, तू कोनतं पुस्तक वाचलं होतं?"

 मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू सगळ्या गर्दीत पसरलं. हेही हसत होते. गुंफामाय एकट्याच हसल्या नाहीत. त्या सुईकडे पाहत राहिल्या. त्यांनी जन्मात एक अक्षर वाचलेलं नव्हतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि त्यांनाही आत्ताच माहीत झाल्यासारखं दिसत होतं.

मग त्यांनी नातीला खांद्याला धरून आत ढकललं.

"बस तथी," त्या म्हणाल्या. "इचारू इचारू डोकं खाते माहं. आता बाईले इचार."

पोरगी माझ्यासमोर मांडी घालून बसली. पाठोपाठ दारातल्या आणखी दोघींनी आपल्या मुलींचे हात सोडले. हे म्हणाले, बागेला पाणी सुटलंय, संध्याकाळी शाळेतून वेळेवर घरी ये, आणि गेले.